काठीच्या टोकाला कॅमेरा

"मेलेल्याचा फोटू काढाय आलाय न्हवं तुम्ही? मग त्यो मेल्यावर या."

जीपमधून माझा एकच पाय खाली टेकला होता. तेवढ्यात त्या बाईनं माझ्या खांद्यावरच्या पिशवीचा पट्टा धरला आणि मला परत आत ढकलायला लागली. अंगानं काटकुळी, पण हात दगड फोडणारा. मी आपला "अहो बाई, अहो बाई" करत राहिलो. शेवटी नायब तहसीलदार कुंभोजकर पलीकडून उतरून आले आणि म्हणाले, "दुर्गव्वा, सोडा त्यांना. सरकारी काम आहे."

तिनं सोडलं, पण माझ्याकडं असं बघितलं की तसंच परत जीपमध्ये बसून विट्याला जावं असं मला वाटलं.

विट्याला तेव्हा माझा फोटोंचा स्टुडिओ होता. लग्नं, बारशी, शाळेचे ग्रुप फोटो, आणि अधूनमधून तहसील कचेरीचं बोलावणं. कुठं अपघात झाला, कुणी जळालं, कुणी गळफास घेतला, की पंचनाम्याला फोटो लागायचा. मग मला, याकूब तांबोळीला, जेवत्या ताटावरून उठवायचे आणि जीपमध्ये घालायचे. त्या दिवशी मी हिंगणेवाडीला आलो तो असाच, अर्धी भाकरी ताटात टाकून.

तात्या साळुंख्यांची जुनी विहीर आटली होती. ती खोल करायचं काम त्यांनी यल्लाप्पा धोत्रे आणि त्याच्या माणसांना दिलं होतं. मला ढकलणारी दुर्गव्वा ही यल्लाप्पाची बायको. त्याचा धाकटा भाऊ भीमाही त्याच कामावर होता. विहिरीच्या तळाशी एका अंगाला यल्लाप्पा कपार खोदत होता, म्हणजे भिंतीच्या पोटात आडवी शिरणारी पोकळी. पाण्याचा झरा तिथं लागेल असं त्याला वाटत होतं. सकाळी त्या अंगाचं वरचं दगडी बांधकाम सुटलं आणि मातीसकट खाली आलं. बाकीचे दोराला लोंबकळत कसेबसे वर निघाले. यल्लाप्पा कपारीत होता आणि कपारीच्या तोंडावर सगळा ढिगारा बसला.

मी काठावर पालथं पडून खाली पाहिलं. समोरची भिंत धड होती. कपारीच्या अंगाला मात्र उरलेलं बांधकाम अधांतरी लोंबत होतं आणि त्यातून सारखी माती गळत होती. ढिगाऱ्यात एक शिळा तिरकी अडकली होती आणि तिच्या आड एक फट दिसत होती. गावातल्या लोकांनी आरशानं ऊन पाडून त्या फटीत बघायचा प्रयत्न केला होता. ऊन शिळेवर आपटून तिथंच थांबत होतं, कारण फट पुढं वळत होती. हाका मारून सगळ्यांचे घसे बसले होते. आतून काहीच उत्तर आलं नव्हतं.

कुंभोजकरांनी मला बाजूला घेतलं. "तांबोळी, वरून चार फोटो घ्या. ट्रॅक्टर येतोय. साखळी लावून ते लोंबतं बांधकाम आधी पाडायचं, मग माणसं खाली सोडायची."

"पाडायचं म्हणजे ते कपारीवरच पडणार की साहेब."

"पडणार. मग काय करू? तो गेलाय. त्याला काढायच्या नादात अजून दोघांना घालवू?"

माणूस वाईट नव्हता. सदरा घामानं पाठीला चिकटला होता, आणि बोलताना तो माझ्याकडं बघत नव्हता.

भीमा जवळच उभा होता. तो म्हणाला, "सायेब, धड बाजूनं चर मारत गेलो तर कपारीत आडवं शिरता येतंय. वरची माती पेलाय लाकडाचे धीरे लावत जाऊ."

"वेळ किती लागेल?"

"सांज हुईल."

"आणि सांजेपर्यंत ते तुमच्या डोक्यावर लोंबणार. एका प्रेतासाठी मी ही परवानगी देणार नाही."

"प्रेत कुणी म्हणलं?" दुर्गव्वा मागून आली. "त्यो जित्ता हाय."

"कशावरून, बाई?"

तिनं साहेबांकडं बघितलं, विहिरीकडं बघितलं आणि मग माझ्याकडं वळली. "तुमच्या त्या डब्याला अंधारात दिसतंय न्हवं? लग्नात कसा लख्ख उजेड पाडता."

"दिसतं. पण समोर असेल तेच दिसतं. वळणाच्या पलीकडचं कसं दिसणार?"

"मग वळणाच्या पलीकडं न्या की त्याला."

साहेब म्हणाले, "जमेल का?" मी म्हणालो, "माहीत नाही." ते म्हणाले, "तो जिवंत दिसला तर मी ट्रॅक्टर परत पाठवतो. सही करून देतो. पण मला दिसायला पाहिजे."

मी विट्याला जीप पाठवली आणि बायकोकडून फिल्म धुवायची औषधं आणि डबा मागवला. तोवर तात्यांच्या गोठ्यातला एक लांब बांबू आणला. कॅमेऱ्याच्या डोक्यावर फ्लॅश बसवायची खाच असते, तिच्यात फ्लॅश सरकवून घट्ट केला. बटण दाबायचं काय? माझ्या पिशवीत एक लांब रबरी नळी होती, एका टोकाला फुगा असलेली. फुगा दाबला की पलीकडं कॅमेऱ्याचं बटण दाबलं जायचं. ग्रुप फोटोत आपणही उभं राहावं या हौसेपायी मी ती घेतली होती, आणि तेव्हा बायकोनं माझी यथेच्छ थट्टा केली होती. नळी कॅमेऱ्याला जोडली. दुर्गव्वानं लुगड्याची किनार टराटरा फाडली आणि कॅमेरा वळणाकडं तोंड करून बांबूच्या टोकाला असा आवळला की सोडवायला नंतर चाकू लागला. अंतर अंदाजानं लावलं.

"सोडायचं कुणाला?" तात्यांनी विचारलं.

"मी जातो," भीमा म्हणाला.

"तू नाही," साहेब म्हणाले. "तू एकदा उतरलास की परत वर यायचा नाहीस. धड भिंतीच्या बाजूनं, मधल्या टप्प्यापर्यंत, एकच माणूस. तांबोळी जातील."

म्हणजे मी! आडात वाकून बघायचं तरी जो आधी काठ घट्ट धरतो, असा मी. पण काठावर सगळं गाव उभं होतं आणि ती बाई माझ्याकडं बघत होती. दोराच्या फासात बसलो आणि तात्यांच्या गड्यांना जमतील तेवढ्या शिव्या देत खाली गेलो.

खाली मातीचा कुबट वास होता आणि हवेत धूळ तरंगत होती. मी बांबू फटीत घातला, वळणाच्या पलीकडं नेला आणि फुगा दाबला. शिळेच्या कडेनं उजेड फुटला आणि विझला. बांबू मागं ओढायचा, फिल्म पुढं सरकवायची, बांबू परत आत घालायचा. असं तीनदा केलं. समोरच्या बांधकामातून दगड सुटून खाली आपटत होते आणि दरवेळी वरून बायका ओरडत होत्या.

तात्यांच्या धान्याच्या कोठीत दाराखिडक्यांना घोंगड्या लावून मी फिल्म धुतली. ओली फिल्म घेऊन बाहेर आलो आणि उन्हापुढं धरली, तेव्हा माझं मलाच रडू यायची वेळ आली. फ्लॅश कॅमेऱ्याच्या डोक्यावरच होता, त्यामुळं भिंगासमोरची धूळच सगळी उजळली होती. गाडीचे दिवे धुक्यात लावल्यावर पुढचा रस्ता दिसत नाही, धुकंच दिसतं, तसं झालं होतं. त्या ठिपक्यांच्या मागं अंधुक असा एक माणूस होता. भिंतीला टेकलेला, डोकं बोडकं, मान छातीवर पडलेली.

कुंभोजकरांनी फिल्म हातात घेतली. "हे काय?"

"डोकं आहे."

"आणि तिन्ही फोटोंत ते तसंच आहे."

"हो."

"उजेड पडतोय, दगड पडतायत, आणि हा मान वर करत नाही." त्यांनी फिल्म माझ्या हातात दिली. "संपलं, तांबोळी."

"मला दावा," दुर्गव्वा म्हणाली. तिनं फिल्म आभाळापुढं धरली. फिल्मवर काळ्याचं पांढरं आणि पांढऱ्याचं काळं झालेलं असतं, तिला त्यातलं किती कळलं कुणास ठाऊक. पण नवरा कळला. "बसलाय न्हवं? मेलेला मानूस बसंल व्हय?"

"भिंतीला टेकलेलं प्रेतही बसतं, बाई," साहेब हळूच म्हणाले.

तेवढ्यात ट्रॅक्टर आला. साखळी उतरवण्याचा खणखणाट सुरू झाला आणि दुर्गव्वा मट्‌कन खाली बसली. रडली नाही. नुसती मातीत हात फिरवत राहिली. मला मात्र भयंकर संताप आला. कुणाचा, ते सांगता येत नाही. धुळीचा असावा.

"साहेब, अजून एकदा जातो."

"कशाला?"

"फ्लॅश चुकीच्या जागी बसवला होता. तो कॅमेऱ्यापासून लांब, बाजूला बांधला तर उजेड तिरका पडेल आणि धूळ मधे येणार नाही. माणूस स्वच्छ दिसेल. जिवंत असो नाहीतर मेलेला, पण दिसेल तरी."

त्यांनी ट्रॅक्टरकडं बघितलं. "साखळी बांधून होईपर्यंत. त्यापुढं एक क्षण नाही."

फ्लॅश डोक्यावरून काढला की त्याला कॅमेऱ्याशी जोडायला वायर लागते. माझ्याकडची वायर वीतभर होती. भीमा इंजिनघरात पळाला आणि तिथल्या दिव्याची दोन पदरी वायर उपटूनच घेऊन आला. दातांनी सोलून मी ती मधे जोडली. कॅमेऱ्यात नवी फिल्म घातली, बांबूला एक आडवी काठी बांधली आणि तिच्या टोकाला फ्लॅश. तोवर फ्लॅशचे सेल दमले होते, तो तयार झाल्याचा लाल दिवा लागता लागेना. दुर्गव्वानं काही न विचारता सेल माझ्या हातातून घेतले आणि इंजिनघराच्या तापलेल्या पत्र्यावर मांडून ठेवले. घरातल्या बॅटरीला अशी ऊब दाखवून चार दिवस जास्त चालवणारी माणसं ती. सेल परत घातले, तेव्हा फ्लॅश बारीक शिट्टी घालायला लागला आणि दिवा लागला.

पुन्हा दोर, पुन्हा खाली. बांबू आता पुढं जड झाला होता आणि आडवी काठी फटीत अडकत होती. कशीबशी वळवून आत घातली आणि फुगा दाबला.

टिक्‌ असा आवाज आला. उजेड नाही.

जोड सुटला होता. बांबू मागं ओढला, मांडीवर घेतला आणि वायरीची टोकं दातांत धरून पिळायला लागलो. तार तारेला सापडेना. समोरून एक दगड सुटला, खाली आपटून फुटला आणि त्याचा तुकडा माझ्या खांद्याला बसला. वरून साहेब ओरडले, "वर घ्या त्यांना!"

"दोराला कुणी हात लावला तर याद राखा!" मी ओरडलो. त्यापुढं जे बोललो ते छापण्यासारखं नाही.

फिल्म सरकवली, बांबू आत घातला आणि जीव तोडून हाक मारली, "यल्लाप्पा! अरे, जिवंत असलास तर ओ दे की लेका! एकदा तरी ओ दे!"

काही नाही. मातीचा सरसर आवाज तेवढा. मी फुगा दाबला आणि शिळेच्या मागं लख्ख उजेड झाला. दुसऱ्यांदा दाबायची सोय नव्हती, फ्लॅशची शिट्टी बंद पडली होती.

कोठीच्या अंधारात मी फिल्म औषधात हलवत बसलो होतो. दुर्गव्वा दाराला पाठ लावून बाहेर बसली होती. "झालं का?" असं तिनं एकदाही विचारलं नाही. मग ट्रॅक्टर सुरू झाल्याचा आवाज आला. मला दम निघेना. दुसऱ्या औषधात अर्धवट बुडवलेली फिल्म तशीच ओढून काढली आणि घोंगडीच्या फटीतून येणाऱ्या उजेडापुढं धरली.

धूळ नव्हती. माणूस होता.

मान पडलेली नव्हती. पाठ ताठ होती. दोन्ही हात गुडघ्यांवर, बोटं सरळ, नजर समोर. पहिल्या तीन फोटोंत डोकं बोडकं होतं, आता डोक्याला काहीतरी गुंडाळलेलं होतं. मी बघत राहिलो. हे बसणं माझ्या ओळखीचं होतं. बाजारच्या दिवशी खेड्यातली माणसं माझ्या स्टुडिओत यायची, स्टुलावर अशीच बसायची, आणि कितीही सांगितलं तरी सैल सोडायची नाहीत. तो फोटोला बसला होता!

मी घोंगडी ओरबाडून बाहेर पडलो. दारात बसलेल्या दुर्गव्वाला ओलांडून पळालो, आणि ती माझ्या मागं पळाली.

"साहेब, ट्रॅक्टर थांबवा! थांबवा आधी!" दोन्ही फिल्म मी त्यांच्या डोळ्यांपुढं धरल्या. "ही मघाची. डोकं बोडकं. ही आताची. डोक्याला मुंडासं. मेलेला माणूस मुंडासं बांधतो का, साहेब?"

त्यांनी एक बघितली, दुसरी बघितली, परत पहिली बघितली. मग दोन्ही हात वर करून ते ट्रॅक्टरच्या पुढ्यात धावले आणि त्यांचा आवाज फाटेपर्यंत "बंद कर, बंद कर" ओरडत राहिले. साखळी ताणलेली होती, ती सैल पडली.

त्यानंतर कुणी कुणाची परवानगी मागितली नाही. भीमा आणि त्याची माणसं धड बाजूनं उतरली. तात्यांनी गोठ्याचे वासे काढून दिले. साहेब स्वतः दोराला लागले. चर पुढं सरकत होता, एक धीरा बसवला की पुढचा हात. मधे एकदा लोंबतं बांधकाम थोडं घसरलं, खालची माणसं धुळीत दिसेनाशी झाली. मग भीमाचं खोकणं ऐकू आलं. दुर्गव्वा काठावर बसून एकच गोष्ट म्हणत होती, "जित्ता हाय त्यो. जित्ता हाय." सकाळपासून ती तेवढंच म्हणत आली होती, पण आता कुणी तिला गप्प करत नव्हतं.

ऊन उतरलं तेव्हा खालून भीमा ओरडला, "हात लागला! दादाचा हात लागला!"

यल्लाप्पाला बाजल्यावर बांधून वर काढला. एक पाय गुडघ्याखाली चेचला होता, तो दगडाखाली अडकल्यामुळं त्याला पुढं सरकता आलं नव्हतं. अंगभर माती, ओठ फुटलेले. डोक्याला मुंडासं नीट बांधलेलं, वर तुराही काढलेला. दुर्गव्वानं त्याच्या तोंडात थेंब थेंब पाणी घातलं. त्यानं डोळे उघडले. जीप मागं लावून तयार होती, पण मला राहवलं नाही. पोटात दिवसभराचा राग साठला होता.

"अरे भल्या माणसा, मी तिथं मरमर बोंबलत होतो. शुद्धीवर होतास, मुंडासं बांधत होतास, मग ओ का दिला नाहीस?"

त्यानं माझ्या गळ्यातल्या कॅमेऱ्याकडं बघितलं. घशातून घोगरा आवाज आला. "फोटू काढताना बोलायचं नसतंय न्हवं? हलतंय."

लोक हसले. दिवसभरात पहिल्यांदा कुणी हसलं असेल. तात्या तर डोळे पुसत हसत होते. साहेबही हसले आणि म्हणाले, "धन्य आहेस बाबा! आत गाडला गेलायस आणि फोटोची काळजी?"

यल्लाप्पा हसला नाही. त्यानं परत घोटभर पाणी घेतलं. "सकाळपास्नं लई वरडलो, सायेब. घसा गेला. मग डोळा लागला. एकदम उजेड पडला म्हनून जागा झालो. वाटलं, आली मानसं. मान वर करूस्तवर उजेड गेला. फटीतनं काठीला बांधलेला डबा मागं जाताना अंधुक दिसला. तवा कळलं, फोटू काढत्यात." तो थांबला. "माझ्या बाचा असाच काढला हुता. गेल्यावर, भिंतीला बसवून. आमच्यात जित्तेपणी कोन काढतंय? म्हटलं, आता काय ही काढत न्हाईत आपल्याला. आपला फोटूच तेवढा घरला द्यायचा असंल. बाचं तोंड वाकडं आलं हुतं त्यात, पोरं भ्याली हुती बघून. म्हटलं, माझा तरी बरा येऊ दे. म्हनून कापड सोधलं, मुंडासं बांधलं अन् बसलो."

आता कुणी हसत नव्हतं. मी कॅमेरा गळ्यातून काढला आणि तो कुठं ठेवावा ते मला समजेना.

दुर्गव्वा पाण्याचा तांब्या हातात धरून नवऱ्याकडं बघत होती. तांब्या तिनं खाली ठेवला. "मी वर बसून दिसभर तुला जित्ता म्हनत हुते," ती म्हणाली. "सायेबाला, गावाला, समद्यांस्नी. कुनी ऐकंना. अन् तू खाली मराया नटून बसला हुतास?"

आणि तिनं त्याच्या थोबाडीत मारली. मग दुसरी मारली. मुंडासं सुटून त्याच्या गळ्यात पडलं. ती दोन्ही हातांनी त्याच्या खांद्यावर, छातीवर मारत राहिली आणि सकाळपासून न रडलेली ती बाई मोठ्यानं रडत होती. भीमा पुढं झाला, पण साहेबांनी त्याचा दंड धरला. यल्लाप्पानं हात वर केला नाही. बाजल्यावर पडल्या पडल्या तो तिचा मार खात राहिला आणि "मार, मार" म्हणत राहिला.